भाकरी एकच, उसळ डबाभर: मधुमेहींच्या डब्याबद्दल

कोथरूडच्या एका घरगुती स्वयंपाकघरातून बाबांसाठी रोज दुपारी डबा येतो, १३० रुपयांना. ‘मधुमेहींसाठी खास’ म्हणून मिळणारे बाकीचे डबेही आम्ही मागवून पाहिले होते. भात काढायचा आणि त्याजागी ज्वारीच्या तीन भाकऱ्या द्यायच्या, की झाला खास डबा! अहो, १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठातही ६५ ग्रॅमच्या वर कर्बोदकं असतात. तीन भाकऱ्यांनी साखर चढायची ती चढतेच.

इथे सगळ्यात मोठ्या डब्यात मोड आलेल्या मटकीची किंवा मुगाची उसळ असते. मग पालेभाजी, काकडी-टोमॅटोची कोशिंबीर, घट्ट दही आणि एकच भाकरी. बाबा आधी कोशिंबीर आणि उसळ संपवतात, मगच भाकरी मोडतात. डबा देणाऱ्या ताईंनीच तसं बजावलंय. भाजी आणि प्रथिनं आधी पोटात गेली की जेवणानंतरची साखर सावकाश चढते. पूर्वी दोन तासांनी ग्लुकोमीटर २२०च्या पुढे दाखवायचा, आता बहुतेक वेळा १८०च्या आत असतो.

आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी मधुमेह पाहणीवरून २०२२ साली जे प्रमाण मांडलं गेलं, त्यात मधुमेहींनी साधारण निम्मे उष्मांक कर्बोदकांतून आणि २० टक्क्यांच्या आसपास प्रथिनांतून घ्यावेत असं आहे. शाकाहारी ताटात एवढी प्रथिनं बसवणं सोपं नाही, आणि म्हणूनच मला या उसळीचं कौतुक वाटतं.

तक्रारी आहेत. भाज्यांत दाण्याचं कूट फार सढळ हाताने पडायचं. स्निग्ध पदार्थांच्या एका ग्रॅमला ९ उष्मांक, कर्बोदकं-प्रथिनांना ४; बाबांचं वजन आधीच जास्त. सांगितल्यावर ताईंनी लगेच कमी केलं. एकादशीला मात्र अजूनही साबुदाण्याची खिचडी येते, म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. उकडलेले शेंगदाणे, दही आणि थोडा राजगिरा देता येईल की! आम्ही त्या दिवशी डबा बंद ठेवतो.

बाबांना ग्लिमेपिराइड ही साखर कमी करणारी गोळी चालू आहे, म्हणून भाकऱ्या कमी करण्याआधी डॉक्टरांकडून गोळीची मात्रा ठरवून घेतली. इन्सुलिन घेणाऱ्यांनीही हे आधी करावं, नाहीतर साखर एकदम खाली जाऊ शकते. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर एवढी उसळ चालेल का, तेही विचारा.

रविवारी डबा नसतो. भाकरीऐवजी पोळी हवी असेल तर आदल्या रात्री कळवावं लागतं.