फियाटच्या पंपाचं रिपेअर किट: डायफ्रॅम झकास, बाकी रामभरोसे

आमच्याकडे ८४ ची पद्मिनी आहे, म्हणजे फियाटचीच इथं बनलेली गाडी. आरसी बुकात पद्मिनी, घरात फियाटच. कुर्ल्याला ही गाडी बनायची थांबून पाव शतक झालं, त्यामुळे आता स्पेअर म्हणजे एक तर कुणाच्या माळ्यावरचा जुना माल, नाहीतर बिननावाच्या पिशवीतलं किट. हा रिव्ह्यू तशाच एका पिशवीचा: टाकीतलं पेट्रोल कार्बोरेटरकडे (पेट्रोल-हवा मिसळून इंजिनला देणारा भाग) ढकलणाऱ्या पंपाच्या किटचा. पंपात हे काम हलणारा पडदा करतो, तोच डायफ्रॅम.

पण किट मागवण्याआधी पंपच गेलाय ना, ते बघा. आमची गाडी पन्हाळ्याच्या चढाला आचके देत बंद पडायची आणि थोडा वेळ उभी केली की गुमान चालू व्हायची. असं झालं की निम्मे लोक कॉइलवर (ठिणगीला करंट देते ती) खापर फोडतात, उरलेले पंपावर ओलं फडकं टाकायला सांगतात. फडकं खोटं नाही. उन्हाळ्यात पेट्रोलची वाफ झाली की पंप नुसती वाफच ढकलत बसतो, गार केला की सुटतो. आमची मात्र थंडीत सकाळी सातलाही तेच रडगाणं.

मग कार्बोरेटरकडचा पाइप काढून बाटलीत सोडला, कॉइलची वायर काढून ठेवली (पेट्रोल उघडं असताना ठिणगी नको) आणि ह्यांना सेल्फ मारायला सांगितलं. चांगला पंप ठोक्याठोक्याला पिचकारी मारतो. आमचा नुसता ठिबकत होता. टाकीचं झाकण ढिलं करून पाहिलं (त्यातलं हवेचं भोक बुजलं तरी पेट्रोल येत नाही), फरक नाही. टाकीकडच्या पाइपातून सायकलच्या पंपानं हवा मारली तर आत छान बुडबुडे, म्हणजे लाइन मोकळी. शेवटी ऑइलची पट्टी काढून हुंगली. पेट्रोलचा वास, आणि पातळीही खुणेच्या वर! डायफ्रॅम फाटला की पेट्रोल सरळ इंजिनच्या ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं. असल्या पातळ ऑइलवर इंजिन चालवणं म्हणजे बेअरिंगची वाट लावणं, तेव्हा ऑइलही बदला.

किट उद्यमनगरातल्या एका दुकानातून मागवलं, पाचशेच्या आत मिळालं. आत डायफ्रॅम, व्हॉल्व्ह, स्प्रिंग, रबरी वॉशर आणि पॅकिंग. "वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला हे रबर टिकेल का?" विचारलं, तर उत्तर आलं, "ताई, सगळे हेच लावतात." म्हणून दोन किट घेतली, एक लावायला आणि एक छळायला. छळायचं किट पेट्रोल पंपावरून आणलेल्या पेट्रोलात काचेच्या बरणीत बुडवून घराबाहेरच्या शेडमध्ये महिनाभर ठेवलं. डायफ्रॅम जसाच्या तसा: दुमडून उजेडात धरला तरी कापडाचं विणकाम नीट, कुठं चीर नाही. रबरी वॉशर मात्र गुलाबजामसारखा फुगला. वॉशर दुसरीकडून इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचाच घ्या. पंपापासून कार्बोरेटरपर्यंतचा जुना रबरी पाइपही त्याच वेळी बदलून टाका.

पॅकिंगला मी शून्य मार्क देईन. कागद इतका पातळ की स्क्रू आवळताना फाटला. पंप आणि ब्लॉकच्या मधला फायबरचा जाड तुकडा तर किटमध्ये नाहीच, त्यामुळे आपला जुना जपून काढा. तो इंजिनची उष्णता अडवतो, शिवाय पंपाची दांडी किती दाबली जाईल हे त्याच्या जाडीवर ठरतं. जास्त जाड झालं तर पेट्रोल कमी, कमी झालं तर नवा डायफ्रॅम ताणून परत फाटणार. काही मिस्त्री तिथं दोन-दोन पॅकिंग चढवतात. चढवू देऊ नका.

सोबत सूचनांचा एक चिटोराही नाही. म्हणून सांगते: खोलण्याआधी वरच्या-खालच्या भागावर कानशीनं एकच रेघ मारा, नाहीतर पाइपांची तोंडं भलतीकडे येतात. दोन्ही भाग परत जोडताना पंपाचा लिव्हर पूर्ण दाबून धरा आणि मगच समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळत जा.

पाचपैकी तीन. डायफ्रॅम सुटा मिळाला तर तेवढाच घ्या.