एकटीने सुरू करू की मैत्रिणीला भागीदार घेऊ?

भाचीला शिवणकामाचा व्यवसाय काढायचाय. एकटीने की मैत्रिणीबरोबर, यावर गाडी अडलीये.

दोघींच्या भागीदारीत सहसा भांडवल निम्मं घालावं लागतं, नफाही निम्माच. जोखीम मात्र निम्मी होत नाही. साध्या भागीदारीत धंद्याचं सगळं देणं प्रत्येकीच्या डोक्यावर असतं. मैत्रिणीने उधारीवर कापड उचललं, तर कापडवाला भाचीच्या दारात उभा राहू शकतो. एकटीलाही घरदार पणाला लागतंच, पण निदान सही तिची स्वतःची असते.

खरी मेख कष्टांच्या हिशोबात. एक मशीनवर रोज 8 तास, दुसरी गिऱ्हाइकांशी 2 तास बोलणार, आणि महिन्याअखेरी वाटणी 50-50. दोघी मनातल्या मनात धुमसतात, मग एक दिवस कात्री जागेवर नाही म्हणून कडाक्याचं भांडण. (कारण कात्री नसतंच.) म्हणून आधी जिचं तिचं कामाचं मोल द्यायचं, उरेल तो नफा वाटायचा. वेगळं व्हायची वेळ आली तर मशीन कोणाचं, हेही पहिल्याच दिवशी लिहून ठेवायचं. 'मैत्रीत कसले कागद?' म्हणणारीबरोबर भागीदारी नकोच.

निर्णय एकटीचे झटपट होतात. आजारी पडली की मात्र सगळं ठप्प.

हात चांगला चालतो पण भाव सांगताना जीभ अडखळते, अशीला विकण्यात तरबेज भागीदार हवीच. दोघींनाही नुसतं शिवायचंच असेल, तर एकीने धंदा काढावा, दुसरीला नगावर मजुरी द्यावी. आमच्या भाचीचं प्रकरण या दुसऱ्यातलं.