गुलाबछाटणीचे कोपरापर्यंतचे हातमोजे : दहा महिने वापरून

गेल्या ऑक्टोबरात, छाटणीच्या तोंडावर हे हातमोजे मागवले. साडेआठशे रुपये. तळव्याला बकरीचं मऊ चामडं आणि मनगटापासून कोपरापर्यंत जाड स्प्लिट लेदरची बाही. घालून अंगणात उभी राहिले तर सासूबाई म्हणाल्या, "गुलाब छाटतेयस की ग्रिल वेल्डिंग करतेयस?"

आम्ही नवी मुंबईत, बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये राहतो. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांनी आखलेल्या या वसाहतीत घरांना अंगणं आहेत, म्हणून अकरा गुलाब जमिनीत लावता आले. चार ग्लॅडिएटर, दोन डबल डिलाइट, एक भिंतीवर चढणारा आणि बाकी गुलकंदासाठी सासूबाईंनी जपलेले एडवर्ड. आधीची सहा वर्षं मी बांधकामवाल्यांचे रबरी तळव्याचे मोजे घालून छाटत होते. दिवाळीच्या फोटोंत माझे हात मांजरीशी भांडून आल्यासारखे दिसायचे.

तर आधी बाहीबद्दल, कारण पैसे तिचेच आहेत. गुलाबाचे काटे बहुधा खालच्या दिशेला वळलेले असतात. त्यामुळे झुडपात हात घालताना काही होत नाही, वर ओढताना आकड्यासारखे अडकतात. आपण दचकतो, आणखी जोरात ओढतो आणि मनगटापासून कोपरापर्यंत रेघ उमटते. या बाहीवर काटा नुसता खरडून जातो. अकरा झाडं, दोन सकाळी, हातावर एकही ओरखडा नाही. बुंध्याशी हात घालून कलमाच्या खालून आलेली जंगली फूट उपटायची हे माझं सगळ्यात नावडतं काम. ते पहिल्यांदाच घाई न करता झालं.

बोटांचं मात्र वेगळं. मी लार्ज घेतला आणि फसले. बोटांच्या टोकाला अर्धा इंच पोकळी राहते. फांदीवरच्या डोळ्याच्या, म्हणजे नवा कोंब फुटतो त्या जागेच्या, वर पाव इंचावर तिरका काप घेताना डाव्या तर्जनीचं ते रिकामं टोक सिकेटरच्या, म्हणजे छाटणीच्या कात्रीच्या, पात्यात आलं आणि कचकन कापलं गेलं. आत बोट नव्हतं, एवढंच नशीब. मिडियम घ्या. सुरुवातीला घट्ट वाटेल, पण चामडं पंधरा दिवसांत सैल होतं.

मोज्यावर ईएन ३८८ असं, म्हणजे संरक्षक हातमोज्यांच्या युरोपीय मानकाचं नाव, छापलंय आणि खाली चार आकडे आहेत. शेवटचा आकडा टोचण्याला किती दाद देतो त्याचा. तो जास्तीत जास्त ४ असतो, माझ्यावर २ आहे. पण ही चाचणी जाडसर, बोथट टोकाच्या पोलादी सळईने करतात, सुईने नाही. म्हणून आकडा बघून निर्धास्त होऊ नका. गुलाबाला तळवा पुरतो, कारण हा काटा खोडाच्या सालीचाच उंचवटा असतो, आडवा दाब पडला की कट्कन मोडतो. बोगनवेलीचा काटा म्हणजे रूपांतरित फांदी, आतून लाकडी. शेजारच्या काकांची बोगनवेल आमच्या भिंतीवरून उतरते. ती छाटताना काटा अंगठ्याजवळच्या शिवणीतून सरळ आत आला. तेव्हा बोगनवेलीसाठी हे मोजे घेणार असाल तर राहू दे.

आता खरी गोष्ट. या दहा महिन्यांत मला गुलाबाचे काटे तीनदा लागले आणि तिन्ही वेळा मोजे हातात नव्हते. पहिल्यांदा, छाटून झाल्यावर कापांना बोर्डो पेस्ट लावताना. मोरचूद-चुन्यात चामडं कशाला खराब करा म्हणून मोजे काढले होते. दुसऱ्यांदा फोन आला म्हणून. तिसऱ्यांदा तर मोजे घालायचा प्रश्नच नव्हता, चपलेच्या तळव्यातून वाळकी काडी टाचेत घुसली. ओली फांदी लवते, पण आठवडाभर उन्हात पडलेली लवत नाही, काटे टाचणीसारखे ताठ होतात. तेव्हापासून कापलेली फांदी जमिनीवर टाकायची नाही, थेट पत्र्याच्या डब्यात.

त्या डब्याचं पुढे काय करायचं हेही मला घंटागाडीच्या मावशींनी शिकवलं. पहिल्या वर्षी मी फांद्या काळ्या पिशवीत कोंबून दिल्या होत्या. मावशींनी पिशवी उचलली, हात झटकला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सुनावलं. चूक माझीच होती. आता वीतभर तुकडे करून गोणपाटात गुंडाळते, सुतळीने बांधते आणि हातात देताना "काटे आहेत" असं सांगते.

टाचेचा काटा चिमट्याने निघाला असं वाटलं, टोक आतच राहिलं होतं. सासूबाईंनी गरम गूळ बांधला. दोन दिवसांनी टाच ठणकू लागली तेव्हा डॉक्टरांकडे गेले. त्यांनी टोक काढलं आणि धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते विचारलं. मला आठवेना. मुलगी लहान असतानाचं असावं, ती आता कॉलेजात आहे. बूस्टर दहा वर्षांनी लागतो आणि मातीची, खोल जखम असेल तर पाच वर्षं उलटली असली तरी देतात. जाताना त्यांनी एक बजावलं : काही आठवड्यांनी त्या जागी न दुखणारी गाठ आली, फुटली आणि पायावर ओळीने आणखी गाठी आल्या, तर थेट या आणि गुलाबाचं नाव घ्या. माती आणि कुजक्या पालापाचोळ्यातली स्पोरोथ्रिक्स नावाची बुरशी काट्यातून शिरते, तिच्यावर नेहमीची अँटिबायोटिक चालत नाहीत, बुरशीचं औषध महिनोन्महिने घ्यावं लागतं. आपल्या देशात हा आजार हिमालयाच्या पायथ्याकडे जास्त दिसतो. मला गाठ आली नाही. पण दोन महिने रोज रात्री टाच चाचपत होते.

पावसाळ्यात या मोज्यांची परीक्षा झाली आणि ते नापास झाले. जूनमध्ये एकदा ओल्या झाडावर वापरले आणि तसेच कपाटात ठेवले. दहा दिवसांनी बाहेर काढले तर हिरवट पांढरी बुरशी, आणि वास असा की मुलीने नाक दाबून ते अंगणात फेकले. कोरड्या फडक्याने पुसून, आत वर्तमानपत्राचे बोळे भरून पंख्याखाली वाळवले. उन्हात घातले असते तर पापड झाला असता. मग खोबरेल चोळलं. रंग काळपट पडला, पण मऊ झाले. आता ते फळीवर न ठेवता खुंटीला टांगते. पारसिकच्या डोंगरावरून येणाऱ्या पावसात कपाटात ठेवलेलं चामडं टिकत नाही.

घ्यावेत का? तीन-चार कुंड्या असतील तर नको, भाजीच्या चिमट्याने फांदी धरून कापा, काम भागतं. जमिनीतले गुलाब आणि चढणारा वेल असेल तर घ्या, पण मिडियम. कापलेली तर्जनी मी स्टेशनजवळच्या मोच्याकडून मेणदोऱ्याने शिवून घेतली, चाळीस रुपयांत. त्याने न विचारता अंगठ्याची शिवणही दुहेरी मारून दिली. ती दुहेरी शिवण बोगनवेलीवर अजून वापरून पाहिलेली नाही. काका म्हणतायत, या रविवारी.