रायगड की राजगड? पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

राजधानी कशी वसवतात ते पाहायचं असेल तर रायगडाला जा. किल्ला लढता राहावा म्हणून कसा बांधतात ते समजून घ्यायचं असेल आणि पायांत बळ असेल, तर राजगड. दोन्ही स्वराज्याच्या राजधान्या असल्या, तरी गडांचा स्वभाव अगदी वेगळा.

राजगडावरून महाराजांनी सुमारे पाव शतक कारभार पाहिला. पण बालेकिल्ला उंच आणि आटोपशीर, सुवेळा आणि संजीवनी या माच्या (बालेकिल्ल्याखालच्या तटबंद सोंडा) निमुळत्या. मोठा दरबार भरवायला पुरेशी सपाटी नाही. रायगडाला वर ऐसपैस पठार आणि भोवती तुटलेले कडे. ६ जून १६७४ चा राज्याभिषेक तिथेच झाला. आजही जोत्यांवरून सगळं नगर वाचता येतं: राणीवसा, राजसभा, नगारखाना, होळीचा माळ, बाजारपेठेच्या समोरासमोरच्या दोन रांगा आणि शेवटी जगदीश्वराचं मंदिर व महाराजांची समाधी. मंदिराच्या पायरीवर गड बांधणाऱ्या हिरोजींचं नाव कोरलंय. ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

चढाईत फरक मोठा आहे. रायगडाला पायऱ्या दीड हजाराच्या आसपास, दीड ते अडीच तास. गुडघे कुरकुरत असतील किंवा घरची वडीलधारी मंडळी बरोबर असतील, तर हिरकणीवाडीचा रोपवे आहे. मात्र तो थेट मेणा दरवाज्याजवळ सोडतो आणि महादरवाजा राहून जातो. दोन बुरुजांच्या वळणात लपलेला हा दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. शत्रूला तोफ लावायला समोर जागाच मिळू नये, हा हेतू. शक्य असेल तर चढताना रोपवे घ्या, उतरताना पायऱ्या.

राजगडाला रोपवे नाही. गुंजवण्यातून चोर दरवाज्याची वाट अडीच-तीन तासांची. शेवटी खडकात रेलिंग धरून चढावं लागतं आणि पावसाळ्यात तिथे पाय घसरतात. नवख्यांनी पाली दरवाज्याची वाट धरावी. रुंद पायऱ्या आहेत, राजमार्गच तो. बालेकिल्ल्याचा चढ अरुंद आहे. रविवारी चढणारे-उतरणारे तिथेच अडकतात, त्यामुळे तो सकाळी लवकर उरकावा. वेळ कमी पडला तर सुवेळा माचीचं नेढं (खडकातलं आरपार भोक) सोडा, पण संजीवनी माची सोडू नका. दुहेरी तटाच्या मधल्या बोळात अंधाऱ्या पायऱ्यांनी उतरलं की बांधणाऱ्याचा डाव कळतो: बाहेरचा तट पडला तरी आत शिरलेला शत्रू त्या बोळात कोंडला जातो.

रायगडावर बहुतेकांचं वेळापत्रकच चुकतं. एप्रिल-मे महिन्यांत अकराला चढायला सुरुवात करतात आणि कोकणातल्या दमट उकाड्यात अर्ध्या वाटेतच पाणी संपतं. माणशी किमान तीन लिटर पाणी घ्या, सहाच्या सुमारास चढायला लागा. भर पावसात धुक्यामुळे टकमक टोकावरून काहीच दिसत नाही आणि जोराचा वारा असला की रोपवेही थांबतो. ६ जूनला प्रचंड गर्दी असते. निवांत गड पाहायचा असेल तर ती तारीख टाळा. दोन्ही गडांना नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

दोन दिवस असतील तर आधी राजगड, मग रायगड. स्वराज्य घडलं तो क्रमही हाच. राजगड उतरून नसरापूर, भोर, वरंध घाटाने महाडला या आणि मुक्काम तिथे किंवा पाचाडला करा. पाचाडला जिजाऊंची समाधी आहे, तिचं दर्शन सकाळी चढण्याआधीच घ्या. पावसाळ्यात वरंध घाट अनेकदा बंद ठेवतात. तेव्हा ताम्हिणीने माणगाव गाठावं.