हॅकेथॉनमध्ये तज्ज्ञ मार्गदर्शक: नागपुरातील एका आयोजनाचे परीक्षण

नागपुरातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाने भरवलेल्या ३६ तासांच्या विद्यार्थी हॅकेथॉनमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळेत एखाद्या प्रश्नावर ॲप किंवा वेबसाइटसारखा उपाय तयार करण्याच्या स्पर्धेत, मी यंदा तज्ज्ञ मार्गदर्शक म्हणून विनामोबदला काम केले. सहा जणांचा संघ, त्यात किमान एक विद्यार्थिनी आणि सलग ३६ तास काम, हा आराखडा २०१७ पासून होत आलेल्या स्मार्ट इंडिया हॅकेथॉन या केंद्र सरकारच्या देशपातळीवरील स्पर्धेवरून उचललेला होता. निकालाविषयी मला काही म्हणायचे नाही; आयोजकांनी मार्गदर्शकांचा उपयोग कसा करून घेतला, तेवढेच येथे तपासायचे आहे.

तो उशिरा करून घेतला, ही माझी मुख्य तक्रार. शुक्रवारी सकाळी आम्हाला व्यासपीठावर बसवून शाल-श्रीफळ देण्यात आले, भाषणे लांबली, आणि संघांशी पहिली गाठ पडली ती थेट रात्री नऊला. तोवर प्रत्येक संघाचा विषय, पद्धत आणि निम्मा कोडही ठरून गेलेला होता.

याची किंमत एका संघाच्या टेबलावर स्पष्ट दिसली. काटोल-नरखेड भागातील संत्रा बागायतदारांसाठी पानाच्या छायाचित्रावरून रोग ओळखणारे ॲप त्यांनी तयार केले होते, आणि पहिल्याच स्लाइडवर ९९ टक्के अचूकता झळकत होती. ॲपला रोग ओळखायला शिकवण्यासाठी त्यांनी वापरलेल्या प्लांटव्हिलेज या डेटासेटमध्ये (पानांच्या छायाचित्रांच्या संग्रहात) १४ पिकांची ५४ हजारांहून अधिक छायाचित्रे ३८ वर्गांत विभागलेली आहेत. मात्र संत्र्याचा वर्ग एकच आहे, आणि तो सिट्रस ग्रीनिंग या रोगाचा. निरोगी संत्र्याचे पान ॲपमधल्या रोग ओळखणाऱ्या मॉडेलने कधी पाहिलेलेच नव्हते. बागेतील एका धडधाकट झाडाचे छायाचित्र माझ्या मोबाइलमध्ये होते, ते तपासायला दिल्यावर ॲपने बेधडक ग्रीनिंगचे निदान केले. शिवाय डेटासेटमधील छायाचित्रे तोडलेल्या पानांची, साध्या पार्श्वभूमीवर घेतलेली आहेत. बागेतले ऊन, धूळ आणि एकमेकांवर आलेली पाने त्यांत कुठून असणार? संघप्रमुख मुलीने विचारले, “सर, मग आता डेटा आणायचा कुठून?” केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था याच शहरात, अमरावती मार्गावर आहे, सकाळी भेट झाली असती तर तिथल्या एखाद्या शास्त्रज्ञाला फोन तरी लावता आला असता. रात्री एवढेच करता आले की, निदानाचा दावा मागे घ्यायचा, ‘ओळखता येत नाही’ असे प्रामाणिक उत्तर ॲपला द्यायला लावायचे आणि शेतकऱ्याने पाठवलेली छायाचित्रे नीट साठवून तज्ज्ञाकडे पोहोचवण्यावर भर द्यायचा. मुलांनी तासाभरात स्लाइड बदलली, आणि त्यांच्या या तयारीचे मला मनापासून कौतुक वाटते.

दुसरी त्रुटी नोंदींची. प्रत्येक फेरीत संघापुढे नवा मार्गदर्शक येत होता आणि आधीच्याने काय सांगितले याचा कागद कुठेच नव्हता. त्यामुळे एकाने वेबसाइट करायला सांगितलेल्या संघाला दुसऱ्याने अँड्रॉइड ॲपकडे वळवले आणि पहाटे तीन वाजता ती मुले दोन्ही अर्धवट घेऊन बसली होती. टेबलावर एक साधी वही ठेवली असती तरी हे टळले असते. दुसऱ्या दिवशी परीक्षक कमी पडले म्हणून मार्गदर्शकांनाच गुण द्यायला सांगण्यात आले, हे तर मुळीच पटण्यासारखे नव्हते. ज्यांना सल्ला दिला त्या संघांना गुण देण्यास मी नकार दिला, आणि आयोजकांनी तो कुरकुर न करता मान्य केला, हे नोंदवायला हवे.

सोयींबद्दल थोडक्यात: तर्री पोहे झकास होते, वाय-फाय नावापुरते होते, आणि एक्स्टेंशन बोर्ड घेऊन रात्रभर धावणारे स्वयंसेवक विद्यार्थी सगळ्या आयोजनाचा भार पेलत होते.

उद्योगक्षेत्रात काही वर्षे काढलेल्या, पण शिकवण्याचा सराव नसलेल्या माणसाने हे काम अवश्य करावे, कारण तिसऱ्या वर्षाची मुले जे प्रश्न विचारतात ते कार्यालयात कुणी विचारत नाही. मात्र होकार देण्यापूर्वी प्रॉब्लेम स्टेटमेंट (संघांनी सोडवायचे प्रश्न) आठवडाभर आधी हातात येतील का, आणि पहिली भेट कोड लिहायला सुरुवात होण्यापूर्वी होईल का, हे ईमेलवर विचारून घ्यावे. पुढील वर्षाच्या निमंत्रणाला मी याच दोन प्रश्नांनी उत्तर पाठवले आहे.