सात वर्षं अपडेट मिळतील, पण बॅटरी पुरेल का? पिक्सेल ९, गॅलेक्सी एस२५ आणि वनप्लस १३

सत्तर-ऐंशी हजारांचा फोन घ्यायचा म्हटलं की आधी कॅमेऱ्याची चर्चा सुरू होते. ती थोडी बाजूला ठेवा. या किमतीत तिघांचेही कॅमेरे चांगलेच आहेत. एवढे पैसे वसूल झाले की नाही, हे चौथ्या-पाचव्या वर्षी कळतं. माझा आधीचा फोन दिसायला अजून नवाकोरा आहे, पडद्यावर एक ओरखडा नाही. पण तिसऱ्या वर्षानंतर त्याला सुरक्षा अपडेट येणं थांबलं आणि बॅटरी दुपारी तीनलाच मान टाकायला लागली. म्हणून या वेळी मी फक्त दोन गोष्टी बघितल्या: सॉफ्टवेअर किती वर्षं मिळणार आणि बॅटरी किती वर्षं साथ देणार.

भारतात येताना गूगलच्या पिक्सेल ९ ची किंमत ७९,९९९ रुपये होती (ऑगस्ट २०२४). सॅमसंगच्या गॅलेक्सी एस२५ ची ८०,९९९ आणि वनप्लस १३ ची ६९,९९९ पासून पुढे (दोन्ही जानेवारी २०२५). सेलमध्ये तिन्ही बरेच खाली येतात, त्यामुळे आजचा भाव तुम्हीच बघून घ्या.

अपडेटची गोष्ट

जाहिरातीत पिक्सेल आणि सॅमसंग दोघंही सात वर्षं म्हणतात. वनप्लस म्हणतं चार अँड्रॉइड आवृत्त्या आणि सहा वर्षं सुरक्षा अपडेट. ऐकताना वनप्लस खूप मागे वाटतो. पण ही वर्षं फोन बाजारात आला तेव्हापासून मोजतात, तुम्ही घेतला तेव्हापासून नाही. म्हणून वर्षांऐवजी शेवटची तारीख मांडून बघा. पिक्सेल ९ ला ऑगस्ट २०३१ पर्यंत अपडेट मिळतील, गॅलेक्सी एस२५ ला २०३२ च्या सुरुवातीपर्यंत आणि वनप्लस १३ ला सुरक्षा अपडेट २०३१ च्या सुरुवातीपर्यंत. म्हणजे सुरक्षेच्या बाबतीत सॅमसंग आणि वनप्लसमध्ये जेमतेम वर्षभराचं अंतर आहे, आणि पिक्सेल नि वनप्लसमध्ये तर काही महिन्यांचंच.

अँड्रॉइडच्या आवृत्त्यांमध्ये मात्र फरक खरा आहे. वनप्लस १३ अँड्रॉइड १५ वर आला आणि १९ वर थांबेल. त्याच अँड्रॉइड १५ वर आलेला एस२५ तर २२ पर्यंत जाईल. हे किती मनावर घ्यायचं? माझ्या मते थोडंच. व्हॉट्सॲप, यूपीआय, बँकेची ॲप्स जुन्या अँड्रॉइडवरही कित्येक वर्षं चालतात. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून तर सिस्टीमचे काही भाग थेट प्ले स्टोअरमार्फत अपडेट होतात, त्यासाठी कंपनीची वाट बघावी लागत नाही. नवी आवृत्ती आली नाही म्हणून फोन अडत नाही. सुरक्षा अपडेट बंद झालं आणि त्याच फोनवर तुमचं बँक खातं असेल, तर काळजी करायलाच हवी.

अपडेट किती लवकर येतं, हा वेगळा मुद्दा. इथे पिक्सेलला तोड नाही. अँड्रॉइड १५ पिक्सेलवर ऑक्टोबर २०२४ मध्ये आलं. सॅमसंगच्या एस२४ वाल्यांना त्यासाठी एप्रिल २०२५ उजाडला. एवढे पैसे खर्च केलेल्या माणसाला सहा महिने ताटकळत ठेवणं मला आजही पटत नाही. अँड्रॉइड १६ च्या वेळी सॅमसंग बराच सुधारला: पिक्सेलला जून २०२५ मध्ये आणि एस२५ ला त्याच सप्टेंबरात मिळालं. वनप्लसनं आपली त्यावरची आवृत्ती ऑक्टोबरात जाहीर केली आणि पुढे टप्प्याटप्प्यानं दिली.

'प्युअर अँड्रॉइड' म्हणजे काय

दुकानात पिक्सेलला सर्रास 'प्युअर अँड्रॉइड' म्हणतात, म्हणजे कुठलीही भर न घातलेलं मूळ अँड्रॉइड. तो अगदी कोरा नाही, गूगलनं स्वतःची बरीच भर घातलेली आहे. पण एका कामाला एकच ॲप, नेटका मेन्यू आणि सेटिंग जिथे असायला हवं तिथेच. घरातल्या ज्येष्ठांना फोन द्यायचा असेल तर हे फार उपयोगी पडतं. सॅमसंगमध्ये ब्राउझर दोन, ॲपची दुकानं दोन. सुरुवातीचा एक तास नको ते काढण्यात जातो. पण त्याच सॅमसंगमध्ये खासगी फायली कुलुपात ठेवणारं सिक्युअर फोल्डर आहे, मॉनिटर जोडून संगणकासारखं काम करता येणारं डेक्स आहे. ज्याला ते लागतं त्याला दुसरा फोन चालायचा नाही. वनप्लसचं ऑक्सिजनओएस हे सॉफ्टवेअर एकेकाळी मूळ अँड्रॉइडच्या अगदी जवळ होतं. २०२१ पासून ते ओप्पोच्या कलरओएसच्या पायावर उभं आहे. वेगवान आहे, पण जुन्या वनप्लसची आठवण काढून घेणाऱ्यांची निराशा होईल.

एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून इथे सांगतो. सॅमसंग आणि वनप्लस दोन्ही बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारी ॲप्स पिक्सेलपेक्षा जास्त कडकपणे झोपवतात. औषधाची आठवण देणारं ॲप असं झोपलं तर महागात पडेल. घेतल्या दिवशीच बॅटरीच्या सेटिंगमध्ये जाऊन अशा ॲप्सना सूट द्या. सॅमसंगमध्ये त्याची 'नेव्हर ऑटो स्लीपिंग ॲप्स' अशी यादीच आहे.

बॅटरीचं गणित

एस२५ मध्ये ४००० एमएएच (बॅटरीची क्षमता मोजायचं माप), पिक्सेल ९ मध्ये ४७००, वनप्लस १३ मध्ये ६०००. वनप्लसनं सिलिकॉन-कार्बन प्रकारची बॅटरी वापरली आहे, म्हणून तेवढ्याच जागेत जास्त क्षमता बसली. चार्जिंगचा वेग अनुक्रमे २५, २७ आणि १०० वॅट.

आता हे वर्षांच्या हिशोबात बसवून बघा. शून्य ते शंभर टक्के इतकी बॅटरी वापरली गेली की एक चक्र पूर्ण होतं. समजा तुमचा रोजचा वापर ४००० एमएएचचा आहे. एस२५ मध्ये रोज एक चक्र, म्हणजे तीन वर्षांत साधारण १०९५. पिक्सेलमध्ये तेवढ्याच काळात ९३० च्या आसपास. वनप्लसमध्ये ७३०. हा हिशोब ढोबळ आहे, प्रत्येकाची चिप वेगळी वीज खाते, पण कल कळतो. मोठी बॅटरी दिवसभर पुरते हे तर झालंच, ती म्हातारीही उशिरा होते. आणि क्षमता ८० टक्क्यांवर आली तरी वनप्लसकडे ४८०० उरतात, म्हणजे नव्या पिक्सेलपेक्षा जास्त. त्या वेळी एस२५ कडे ३२०० च असतील.

गूगल स्वतः सांगतं की पिक्सेल ८ए आणि त्यानंतरच्या फोनची बॅटरी सुमारे १००० चक्रांनंतर ८० टक्क्यांपर्यंत क्षमता राखते. भरपूर वापर असेल तर हे तीन वर्षांच्या आसपास येतं, आणि अपडेट तर सात वर्षांचे! मधल्या चार वर्षांत निदान एकदा बॅटरी बदलावी लागणार, हे धरूनच चाला. २०२५ मध्ये जुन्या पिक्सेल ४ए आणि ६ए ला अपडेटमधूनच बॅटरीची क्षमता कमी करून मिळाली. सुरक्षेचं कारण होतं आणि गूगलनं मोफत बॅटरी बदलण्याची सोयही दिली, पण सकाळी उठून फोन अर्ध्या दिवसाचा झालेला बघणाऱ्याला त्याचं समाधान किती?

बाहेर फिरणाऱ्यांनी चिपकडेही बघावं. एस२५ आणि वनप्लस १३ मध्ये ३ नॅनोमीटरची स्नॅपड्रॅगन ८ एलिट आहे (हा आकडा लहान तर साधारणपणे वीज कमी लागते). पिक्सेल ९ ची टेन्सर जी४ ही ४ नॅनोमीटरची आहे आणि सलग ताण पडला की तुलनेनं मागे पडते. कर्जत ते लोणावळा बोगद्यांमध्ये रेंज येते-जाते तेव्हा कुठलाही फोन टॉवर शोधत वीज जाळतो. रोज हा प्रवास असेल तर एस२५ ची ४००० ची बॅटरी संध्याकाळपर्यंत ताणली जाईल. उलट एस२५ चं वजन १६२ ग्रॅम आहे, वनप्लसचं २१० च्या घरात. ज्यांचा हात लहान आहे, त्यांना हा फरक पहिल्या दिवसापासून जाणवेल.

मग घ्यायचा कुठला? दिवसभर बाहेर असाल आणि फोन चार-पाच वर्षं वापरणार असाल, तर वनप्लस १३. तालुक्याच्या गावी राहत असाल तर मी सॅमसंगकडे वळेन: सर्व्हिस सेंटर जवळ सापडतं आणि चौथ्या वर्षी बॅटरी बदलताना हाच मुद्दा सगळ्यात मोठा ठरतो. पिक्सेल मोठ्या शहरात राहणाऱ्याला, बराच वेळ चार्जरजवळ असणाऱ्याला आणि आई-वडिलांसाठी फोन घेणाऱ्याला. मी आईसाठी तोच घेतला, स्वतःसाठी वनप्लस.

तिन्हींत चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय आहे. घरी असाल त्या दिवसांत ती चालू ठेवा. आणि सेलमध्ये पिक्सेल घेतलात तर खोका उघडल्या उघडल्या सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन' आणि त्यात 'बॅटरी इन्फर्मेशन' बघा. बॅटरी कधी बनली आणि किती चक्रं झाली, दोन्ही तिथे दिसतं. नव्या म्हणून घेतलेल्या फोनवर आधीच बरीच चक्रं झालेली दिसली, तर परत करण्याची मुदत संपायच्या आत दुकानदाराला गाठा.