ॲपल टीव्ही ४के: पेटी उत्तम, अडचण पेटीबाहेरची

दूरचित्रवाणीच्या व्यवसायात शिरू पाहणाऱ्या तंत्रज्ञान कंपन्यांनी आजवर जी उपकरणे बाजारात आणली, त्यांत २०२२ साली आलेली ॲपल टीव्ही ४के ही, टीव्हीला जोडून इंटरनेटवरचे कार्यक्रम दाखवणारी छोटी काळी पेटी बांधणीच्या दृष्टीने सर्वांत सरस म्हणावी लागेल. आयफोनमध्ये वापरलेली ए१५ चिप तिच्यात असल्याने मेनू अडखळत नाहीत, आणि आधीच्या आवृत्तीतला पंखा काढून टाकल्यामुळे ती पूर्ण नीरव चालते. बहुतेक चित्रपट सेकंदाला २४ चौकटी या गतीने चित्रित झालेले असतात. सेटिंग्जमध्ये ‘मॅच फ्रेम रेट’ चालू केले की पेटी टीव्हीलाही त्याच गतीवर आणते आणि कॅमेरा आडवा फिरताना जाणवणारे बारीक हिसके नाहीसे होतात.

रिमोटबद्दल मात्र इतकी वर्षे बरे बोलण्यासारखे काही नव्हते. २०१५ च्या रिमोटची दोन्ही टोके हाताला जवळपास सारखीच लागत, त्यामुळे अंधारात तो उलटा धरला जाई, आणि काचेच्या पृष्ठभागाला चुकून बोट लागले तरी चित्रपट पुढे-मागे सरके. २०२१ मध्ये आलेल्या ॲल्युमिनियमच्या रिमोटला वर्तुळाकार दिशाबटणे आहेत, पॉवर आणि म्यूटची स्वतंत्र बटणे आहेत. जे पहिल्यापासून असायला हवे होते ते अखेर मिळाले, एवढेच.

घोडे पेंड खाते ते पुढेच. २००७ मध्ये पहिली ॲपल टीव्ही २९९ डॉलरला आली, तेव्हा तिच्यात ४० जीबीची डिस्क होती आणि ती संगणकावरच्या आयट्यून्सला (ॲपलच्या गाणी-चित्रपट साठवण्याच्या प्रणालीला) जोडून भरावी लागे. स्टीव्ह जॉब्स यांनी स्वतःच तिला ‘छंद’ म्हटले होते. संगीताचा आणि फोनचा बाजार उलथवून टाकणारी कंपनी इथे इतकी सावध का राहिली, याचे उत्तर यंत्रात सापडत नाही, कारण कार्यक्रमांचे हक्क वाहिन्या, स्टुडिओ आणि केबल कंपन्यांच्या हाती होते. गूगलने २०१० मध्ये सोनी आणि लॉजिटेक यांच्या साथीने गूगल टीव्ही आणला, तर एबीसी, सीबीएस आणि एनबीसी या अमेरिकी वाहिन्यांनी आपल्या संकेतस्थळांवरचे कार्यक्रम त्यावर दिसूच दिले नाहीत. इंटेलने तर ‘ऑनक्यू’ नावाची अख्खी टीव्ही सेवा उभारली आणि ती ग्राहकांपर्यंत पोहोचण्यापूर्वीच, जानेवारी २०१४ मध्ये, व्हेरायझन या अमेरिकी दूरसंचार कंपनीला विकण्याचा करार केला.

त्या भांडणाची खूण या पेटीतही दिसते. टीव्ही ॲपमध्ये निरनिराळ्या सेवांवरचे अर्धवट पाहिलेले कार्यक्रम एका रांगेत यावेत, अशी योजना आहे आणि ती चांगलीही आहे. परंतु नेटफ्लिक्स त्यात सामील झालेले नसल्यामुळे तिथली मालिका पुढे पाहायची तर वेगळे ॲप उघडावे लागते, म्हणजे ज्या सोयीसाठी ही रांग आहे तीच अपुरी राहते.

तरीही रोकू किंवा ॲमेझॉनच्या स्वस्त उपकरणांपेक्षा ही पेटी घ्यावी, असे मी म्हणेन. ती उपकरणे कमी किमतीत विकून जाहिरातींवर कमाई करण्याचा मार्ग त्या कंपन्यांनी धरला आहे आणि त्यांच्या मुख्य पडद्यावर तो उघड दिसतो. ॲपलची १२९ डॉलरची मूळ किंमत जड वाटते खरी, पण इथे मुख्य पडदा म्हणजे आपण लावू त्या क्रमाने मांडलेली ॲप्स. अर्थात ॲपलही अगदी निरिच्छ नाही: रिमोटवरचे टीव्हीचे बटण दाबले की तिचे स्वतःचे ॲप, आणि त्यातली स्वतःच्या मालिकांची भलामण, समोर यावी अशीच मूळ रचना आहे. ती सेटिंग्जमधून बदलता येते आणि अवश्य बदलावी. घरात आयफोन नसेल आणि एक-दोनच सेवा पाहिल्या जात असतील, तर टीव्हीतली अंगभूत ॲप्स पुरेशी आहेत. इतरांनी १४९ डॉलरची १२८ जीबी आवृत्ती घ्यावी. इंटरनेटची केबल जोडण्याची सोय फक्त तिच्यातच आहे.